आढ्यापासून तळखड्यापर्यंत : झाडीपट्टीतल्या सागवानी घरांची नोंद

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सागाची कीर्ती मोठी आहे. मार्च २०२३मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले तेव्हा मिरवणूक निघाली, लाकडाची पूजा झाली आणि रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होती. आलापल्लीच्या जंगलातला सहा हेक्टरांचा, उंचच उंच जुन्या सागांचा तुकडा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून जपला जातो. २०१४मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे उभ्या झाडाला मान आहे आणि कापून दूर गेलेल्या लाकडालाही आहे. पण हे लाकूड इथेच राहिले, इथल्या सुताराने घडवले आणि इथल्या शेतकऱ्याने त्याच्या आधाराने चार पिढ्या काढल्या, त्या घरांची नोंद मला कुठल्याही दप्तरात सापडलेली नाही.

आपल्याकडे वारसा म्हटले की दगड. चंद्रपूरचा परकोट, बीरशहाची समाधी, मार्कंड्याची मंदिरे ही सारी पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहेत आणि ती असायलाच हवीत. पण गोंड राजांच्या काळात आणि त्यानंतरही या भूभागातली बहुसंख्य माणसे लाकूड, बांबू, माती आणि कवेलू यांच्या घरात राहिली. लाकूड जळते, त्याला उधई लागते, ते विकलेही जाते. नागपूरच्या भोसल्यांचा लाकडी कोरीव कामाचा वाडा १८६४मध्ये जळाला आणि पुण्याचा शनिवारवाडा त्याआधी १८२८मध्ये. राजवाड्यांची ही गत, तर शेतकऱ्याच्या घराची आठवण कोण ठेवणार?

मी वास्तुविशारद नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. तरुणपणी काही वर्षे एका खासगी मोजणीदाराच्या हाताखाली फीत धरण्याचे काम केले. ओळंबा कसा लावायचा, पाण्याच्या नळीने पातळी कशी काढायची, वेडेवाकडे शेत त्रिकोणांत कसे मोडायचे, हे तिथे शिकलो. तेच ज्ञान पुढे घरांना लावले. गेल्या काही वर्षांत दोन्ही जिल्ह्यांतली जी घरे मला आतून मोजू दिली गेली, त्यांच्या आधारावर हा लेख लिहितो आहे. ज्या एका घराचा पुढे सविस्तर उल्लेख येईल ते आरमोरी तालुक्यातले आहे. गाव आणि कुटुंब यांची नावे मी देत नाही. जुन्या सागाचे घर कुठे उभे आहे हे छापून येणे त्या घराच्या हिताचे नसते.

आधी हे घर उभे कसे राहते ते सांगतो, कारण जतनाचा सगळा विचार त्यावर अवलंबून आहे.

देशावरच्या किंवा कोकणातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर 'जुने घर' म्हटले की जाड भिंती येतात, दगडाच्या नाहीतर मातीच्या, आणि त्या भिंतींवर टेकलेले छप्पर. झाडीपट्टीतले सागवानी घर याच्या उलट आहे. इथे भिंत काहीच उचलत नाही. सगळा भार खांबांवर असतो. आधी खांब उभे राहतात, त्यांवर तुळया बसतात, सर्वांत उंच मधल्या रांगेच्या डोक्यावर आढे चढते, आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे सुटतात, वाशांवर बांबूच्या कमच्या आणि कमच्यांवर कवेलू. घराला छप्पर आले की मग सवडीने भिंती भरल्या जातात. ऐपत असेल तर मातीच्या, नसेल तर कुडाच्या, म्हणजे बांबू विणून त्याला दोन्ही अंगांनी माती-शेणाचा लेप. भिंत पावसात ढासळली तरी घर पडत नाही. एका म्हाताऱ्या सुताराने मला हे फार सोप्या शब्दांत सांगितले होते : "भिंत म्हणजे घराचं लुगडं जी. हाडं आतमंदी हायेत."

ही हाडे जोडलेली असतात ती कुसू आणि खाचेने. तुळईच्या टोकाला कुसू काढायचे, खांबाला आरपार खाच पाडायची, एकात दुसरे बसवून आडवी खुंटी ठोकायची. जुन्या घरांत या जोडांत लोखंडी खिळा नसतो. दारालाही बिजागरी नसते. फळीचाच वर आणि खाली एकेक खुंट काढलेला असतो आणि तो चौकटीच्या खाचेत फिरतो. अशी दारे उघडताना जो आवाज येतो तो वंगण संपल्याचा, आणि वंगण म्हणजे मोहाच्या बियांचे तेल. खिळे नसण्याचा फायदा नुसता गंज न चढण्याचा नाही. खुंटी काढली की जोड सुटतो. म्हणजे हे घर मोडता येते, हलवता येते आणि पुन्हा उभे करता येते. बांधतानाच ही सोय ठेवलेली असते. माडिया आणि गोंड गावे पूर्वी काही कारणाने जागा बदलत. अशा समाजाच्या शेजारी वाढलेल्या सुतारकामात ही युक्ती मुरलेली असावी, असा माझा तर्क आहे. पुरावा म्हणून मी तो मांडत नाही.

खांब जमिनीत पुरलेला आहे की तळखड्यावर टेकलेला आहे, यावरून घराचे वय आणि ऐपत या दोन्हींचा अंदाज येतो. भामरागड-एटापल्लीकडच्या साध्या घरांत खांब जमिनीत गाडतात. गाडलेला भाग कुजला की खांब बदलायचा, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा, आरमोरी या धानाच्या पट्ट्यात, मोठ्या घरांचे खांब दगडी तळखड्यावर असतात. पाणी खांबाच्या पायाशी साचत नाही आणि उधईला जमिनीतून थेट वर चढता येत नाही. वरोऱ्याकडे, कपाशीच्या काळ्या जमिनीत, मातीच्या जाड भिंती वाढतात आणि घर वऱ्हाडासारखे दिसू लागते. सिरोंच्याकडे उंबरठे, अंगणे आणि शब्द तिन्हींत तेलुगू मुलूख जाणवतो. दोन जिल्ह्यांचे मिळून 'एक घर' असे काही नाही. मी पुढे लिहितो ते धानाच्या पट्ट्यातल्या घराविषयी.

लाकूड म्हणजे सगळे साग, हाही गैरसमज आहे. खांब आणि आढे सागाचे किंवा बिजाचे. तुळयांना पुष्कळदा येन, म्हणजे पुस्तकी मराठीतला ऐन, वापरलेला आढळतो. पण गोंडांमध्ये हेच झाड साजा म्हणून पूज्य असल्याने काही घरांत ते मुद्दाम टाळलेले असते. धावडा चिवट, तो खुंट्यांना आणि औजारांच्या दांड्यांना. बांधणीला माहुलीच्या वेलीची साल. साग निवडला जातो तो दिसण्यासाठी नव्हे. त्याच्या गाभ्यातल्या तेलकट द्रव्यामुळे उधई त्याला लवकर तोंड लावत नाही आणि वाळल्यावर तो फारसा वाकत-फाकत नाही. पण हे फक्त गाभ्याचे गुण. बाहेरचा पांढरट थर सागातही उधई खाते. जुन्या सुताराने घडवलेला खांब पाहावा : पांढरे लाकूड वाकसाने पार तासून काढलेले असते. आजच्या कोवळ्या सागाच्या चौकटी चार वर्षांत पोखरतात, त्याचे कारण इथे आहे.

आता ते आरमोरी तालुक्यातले घर.

खांबांच्या चार रांगा, प्रत्येक रांगेत सहा. म्हणजे चोवीस खांब आणि लांबीच्या दिशेने पाच खण. प्रत्येक खण सुमारे सात फूट, म्हणून घर लांबीला पस्तीस फूट. पुढून पहिली रांग सपरीची. सपरी म्हणजे इतर ठिकाणची ओसरी, आणि या घराचा अर्धा संसार तिथेच चालतो. तिच्यामागे सहा फुटांवर दर्शनी भिंतीची रांग, तिच्यामागे सात फुटांवर आढ्याची, आणि आणखी सात फुटांवर मागच्या भिंतीची. मागे दार उघडते ते सांदवाडीत. तिथे विहीर, वांगी-वालाचे मांडव, उकिरडा. आढ्याचा माथा जमिनीपासून तेरा फूट, दर्शनी भिंत साडेनऊ, सपरीचा खांब साडेसहा, आणि पुढे आलेली कवेलूंची वळचण साडेपाच फुटांवर. म्हणून या घरात कुणीही ताठ मानेने शिरू शकत नाही. पाटलालाही वाकावे लागते, असे तिथले लोक हसून सांगतात. पण वळचण खाली आणण्याचे कारण पाऊस आहे. तिरका पाऊस मातीच्या भिंतीला लागू नये एवढाच हेतू.

घर मोजायला मला एकूण अकरा दिवस लागले, तेही सलग नव्हेत. धानाची रोवणी चालू असताना कुणाच्या घरात फीत घेऊन शिरायचे नसते. पहिला दिवस मी काहीच मोजत नाही. घरात कोण कुठे बसते, स्वयंपाक कुठे, देव कुठे, धानाची ढोली कुठे, बाळंतिणीची खोली कोणती, रात्री कुणाची बाज कुठे पडते, हे पाहतो आणि विचारतो. घराच्या नकाशावर 'माजघर' एवढे लिहून भागत नाही. त्या माजघराचा कोणता कोपरा कोणाचा आहे, हे घरातल्या बाईलाच माहीत असते, आणि ते विचारायला माझ्याबरोबर माझी बायको येते. माझ्या वह्यांतला सर्वांत उपयोगाचा भाग तिने मिळवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी ओळंबा. जुने खांब क्वचितच उभ्या रेषेत असतात. पण ते कोणत्या दिशेला आणि किती झुकलेत याची नोंद केली तर घराच्या दुखण्याची कथा कळते. या घराचे सपरीचे सगळे खांब थोडे बाहेर झुकले होते आणि पूर्वेच्या टोकाचा खांब इतरांपेक्षा तीन बोटे खचला होता. त्या कोपऱ्यावर शेजारच्या नव्या स्लॅबच्या घराचे पाणी पडत होते.

मग अंक. प्रत्येक लाकडाला नंबर. रांगांना अ, आ, इ, ई आणि खणांच्या रेषांना १ ते ६. म्हणजे 'इ-४' म्हटले की आढ्याच्या रांगेतला चौथा खांब, त्यात घोळ होण्याचा संभव नाही. खांब, तुळया, आढे आणि लांबीचे पाट मिळून चोपन्न नग भरले. वासे वेगळे. प्रत्येक नगाचे लांबी-रुंदी-जाडी, जात, कुसू आणि खाच यांचे माप, किडलेला भाग आणि एक छायाचित्र. छायाचित्रात नेहमी एक फुटपट्टी ठेवतो. हल्ली फोनवर पुष्कळ फोटो काढून संगणकावर घराचे त्रिमितीय रूप उभे करता येते. माझा पुतण्या ते करतो, आणि ते दिसते फार छान. पण खाचेच्या आत कुसू किती गेले आहे हे त्या चित्रात दिसत नाही. त्यासाठी पातळ तार घालूनच पाहावे लागते.

अंक टाकताना दोन गोष्टी निघाल्या. एक, लाकडांवर आधीच खुणा होत्या. जोडाजवळ, सहज न दिसणाऱ्या बाजूला, पटाशीने मारलेल्या छोट्या रेघा : एक, दोन, तीन आणि एका ठिकाणी फुली. ज्या तुळईवर तीन रेघा, तिच्या खांबावरही तीन रेघा. सुताराने जमिनीवर जोड तपासून, खुणा करून, मग घर उभे केले होते. म्हणजे माझ्याआधी या घराला नंबर देणारा कुणी तरी होता, आणि त्याची पद्धत माझ्याहून आटोपशीर होती.

दुसरी गोष्ट : इ-२ आणि इ-५ या दोन खांबांना खाली, कंबरेच्या उंचीवर, रिकाम्या खाचा आहेत. त्यांत आता काही बसत नाही आणि त्या उंचीवर कधी काही बसले असण्याचे कारणही नाही. खाचांचे माप इतर खाचांहून मोठे. हे दोन खांब दुसऱ्या कोणत्या तरी घरातून आलेले आहेत. कुटुंबाची समजूत अशी की आजोबांच्या वडिलांनी सगळे घर एका हंगामात, जंगलातून नवे लाकूड आणून बांधले. ते बहुतांशी खरेही असेल. पण त्यांनी आपल्या वडिलांच्या घराचे निदान दोन खांब नव्या घराच्या मध्यावर लावले. हे मी घरातल्या आजीला दाखवले तेव्हा त्या बराच वेळ त्या खाचेत बोट घालून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "म्हणूनच लग्नात हळद याच खांबाले लावतेत."

वय ठरवणे हा कठीण भाग आहे. सागाच्या खोडात दरवर्षीचे वलय स्पष्ट दिसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी सागाच्या वलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा अंदाज बांधण्याचे काम केले आहे, आणि त्यात मध्य भारतातले सागही आहेत. तेव्हा खांबाची वलये मोजून घराचे वर्ष काढावे असा मोह होतो. पण वर सांगितले तसे सुताराने पांढरे लाकूड, म्हणजे नेमकी शेवटची वलये, तासून टाकलेली असतात. वलयांवरून 'याआधी हे झाड कापलेले नाही' इतके कळू शकते. कधी कापले ते नाही. आणि कापलेले लाकूड घरात कधी चढले ते तर मुळीच नाही, त्या दोन खांबांचेच पाहा. शिवाय त्यासाठी खांबाला भोक पाडावे लागते. मी ते मागितले नाही. मालगुजारीच्या काळातले कागद, नात्यातल्या लग्नांची वर्षे आणि गावातली इतर घरे यांवरून मी या घराला १९५१च्या आधीचे धरतो.

१९५१ हे वर्ष उगाच घेतलेले नाही. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालकी हक्क रद्द करण्याचा मध्य प्रदेशचा १९५०चा कायदा ३१ मार्च १९५१ला अमलात आला आणि मालगुजार-जमीनदारांची जंगले सरकारजमा झाली. जमीनदारी गेली हे चांगलेच झाले, त्याबद्दल कुणाला हळहळ वाटायचे कारण नाही. पण त्याबरोबर घरासाठी लाकूड मिळण्याचा जुना, तोंडी, कधी बिगारीवर तर कधी नजराण्यावर चालणारा रस्ताही बंद झाला. त्याची जागा निस्तार पत्रकाने घेतली. निस्तार म्हणजे गावकऱ्यांचा सरपण, चारा, बांबू, घरबांधणीचे लाकूड यांवरचा नोंदलेला हक्क. कागदावर हक्क होता, पण साग हे सरकारच्या दृष्टीने उत्पन्नाचे झाड. मी पाहिलेल्या मोठ्या सागवानी घरांपैकी बहुतेक घरमालक आपले घर या बदलाच्या आधीचे सांगतात. त्यानंतरच्या घरांत खांब बारीक होत जातात, येन आणि किरकोळ लाकूड वाढते, मग विटा येतात.

साग आणि घर यांच्या भांडणाची सर्वांत बोलकी घटना धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावात घडली. १९८०च्या दशकात, हे गाव देशभर माहीत होण्याच्या पुष्कळ आधी, गावाने आपले मोडलेले घोटुल पुन्हा उभारायचे ठरवले. घोटुल म्हणजे गोंड तरुण-तरुणींचे एकत्र येण्याचे, शिकण्याचे घर. व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७च्या ग्रंथामुळे बस्तरचे घोटुल जगाला कळले, पण ते गडचिरोलीतही होते. रीत अशी की घोटुल सागाचेच. गावकऱ्यांनी जंगलातून साग आणला आणि घोटुल बांधले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून पोलिसांच्या मदतीने मोडले आणि लाकूड जप्त केले. यावर आसपासच्या गावांनी ठरवले की आता आपणही आपापल्या गावात घोटुल बांधायचे. ती बांधली गेली आणि खात्याला माघार घ्यावी लागली. मेंढ्याचे घोटुल पुन्हा उभे राहिले. पुढे वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये याच गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातले घोटुलचे पान महत्त्वाचे वाटते, कारण जतनाच्या चर्चेत आपण इमारत धरून बसतो. मेंढ्याने जपले ते लाकूड नव्हे. नवे लाकूड आणून जुने घर बांधण्याचा अधिकार त्यांनी जपला.

तरीही घरे जात आहेत, आणि त्याचे सगळे खापर कायद्यावर फोडता येणार नाही. निम्मे कारण माकडे आहेत. हे विनोदाने लिहीत नाही. हाताने घडवलेली कवेलू, म्हणजे कुंभाराने चाकावर निमुळती नळी काढून, ती उभी चिरून केलेले दोन अर्धे, ठिसूळ असतात. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की दोन-चारशे कवेलू फुटतात. पूर्वी दर उन्हाळ्याच्या अखेरीस छप्पर फेरायची पद्धत होती. सगळी कवेलू उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कमच्या बदलायच्या आणि पुन्हा रचायची. त्याला चार-सहा माणसे आणि गावात कवेलू करणारा कुंभार लागतो. आता गावोगावचे कुंभार कवेलू करेनासे झालेत. लोक टिन टाकतात. टिन हलके, माकडाला अभंग, वर्षाचे काम वाचवणारे. उन्हाळ्यात भट्टी होते हे सर्वांना कळते, पण एप्रिल-मेचा त्रास सोसता येतो, जुलैची गळती नाही. मी स्वतः टिनाच्या विरुद्ध बोलणे सोडून दिले आहे. खांब आणि तुळया वाचत असतील तर टिन चालेल. गळक्या कवेलूखाली सागही कुजतो.

दुसरे कारण घरकुल. २०१६पासून प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण कुटुंबाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि गडचिरोलीसारख्या दुर्गम, नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये मिळत आले आहेत. घर किमान २५ चौरस मीटरचे. पाहणीच्या कागदावर भिंत कशाची आणि छप्पर कशाचे हे विचारतात. हाडे कशाची, हा रकानाच नाही. म्हणून चोवीस सागवानी खांबांचे घर मातीच्या भिंतीमुळे 'कच्चे' ठरते. त्यात राहणाऱ्याला पक्के घर हवे असते, आणि ते त्याने का मागू नये? ज्या बाईला दर पोळ्याला आणि दिवाळीला भिंती सारवाव्या लागतात तिला मी वारशाचे महत्त्व सांगायला जात नाही. प्रश्न जागेचा येतो. गावठाणात मोकळी जागा नसते, म्हणून जुने मोडून त्याच जागी नवे. आणि हप्त्यातून न भागणारा खर्च जुने लाकूड विकून भागवला जातो. वाळलेल्या जुन्या सागाला मागणी आहे. शहरांतली हॉटेले आणि बंगले त्याचे दरवाजे-खांब मागतात.

विशेष म्हणजे सरकारकडेच दुसरा रस्ता आहे. याच योजनेसाठी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था आणि दिल्लीची आयआयटी यांच्या साहाय्याने 'पहल' नावाचा संग्रह काढला. त्यात निरनिराळ्या राज्यांतल्या हवामानानुसार, स्थानिक साहित्यात बांधायच्या घरांचे नमुने आहेत. गावात मात्र मला घरकुलाचा एकच नमुना दिसतो. जुनी लाकडी चौकट ठेवून मागे सांदवाडीच्या बाजूला दोन पक्क्या खोल्या काढता येतात. मी तसे दोन नकाशे काढून दिले आहेत.

तिसरे कारण वाटणी. पाच खणांचे घर तीन भावांत कसे वाटायचे? दगडाच्या घरात भिंत घालतात. लाकडी घरात प्रत्येकजण आपल्या खणाचे खांब काढून नेऊ शकतो, आणि नेतातही. मी एका गावात असे घर पाहिले ज्याचे मधले दोन खण उरले होते, आणि त्यांचे आढे दोन्ही टोकांना हवेत संपत होते.

मग वाचवायचे कसे? जगात याचे एक जुने उत्तर आहे : घर उचलून संग्रहालयात नेणे. स्टॉकहोमला आर्टुर हाझेलियस यांनी १८९१मध्ये स्कान्सेन उघडले आणि स्वीडनभरची लाकडी घरे तिथे आणून मांडली. आपल्याकडे मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी मोडीत निघालेली घरे वाचवून तसेच केले. चेन्नईजवळ दक्षिणचित्र १९९६पासून उभे आहे. भोपाळच्या राष्ट्रीय मानव संग्रहालयाने आणखी एक पाऊल टाकले. तिथली आदिवासी घरे त्या त्या समाजाच्या माणसांनी येऊन बांधली आहेत. आमच्या घराची हाडे सुटी होत असल्याने ती नेणे अवघड नाही. अवघड आहे तो वाहतूक परवाना. शंभर वर्षे घरात उभा असलेला साग गाडीत चढला की पुन्हा जंगलाचा माल होतो आणि तो कुठून आला हे सिद्ध करावे लागते. माझ्या नोंदींचा एक अनपेक्षित उपयोग इथे झाला आहे. नग, माप आणि घरात उभे असतानाचा फोटो, असा कागद हाती असलेला घरमालक निदान बोलू तरी शकतो.

दुसरे उत्तर जपानचे. इसे इथले मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात जसेच्या तसे बांधतात, शेवटचे २०१३मध्ये. लाकूड नवे, कसब जुने. स्मारकांच्या जतनाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लाकडी वारशासंबंधीची तत्त्वे डिसेंबर २०१७मध्ये आपल्या दिल्लीतच संमत केली. त्यांतही लाकडाइतकेच सुतारकामाचे ज्ञान जपण्यावर भर आहे. मला हे उत्तर जास्त पटते. वाकसाने पांढरे लाकूड तासणारा, जमिनीवर जोड तपासून रेघा मारणारा सुतार आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याची मुले पॉलिश केलेल्या प्लायचे काम करतात. आरमोरीच्या घराचा खचलेला पूर्वेचा खांब, अ-६, गेल्या वैशाखात बदलला तेव्हा अशाच एका वृद्ध सुताराला बोलावले. लाकूड त्याच कुटुंबाच्या पडक्या गोठ्यातले घेतले. त्यांनी खालचे दोन हात कुजलेले लाकूड कापून, तिरकी खाच घेऊन, नवा तुकडा जोडला आणि दोन आडव्या खुंट्या ठोकल्या. मी प्रत्येक पायरीचे माप आणि चित्रण घेतले. त्यांचा नातू कडेला उभा राहून फोनवर काहीतरी पाहत होता. तिसऱ्या तासाला त्याने करवत हातात घेतली.

घराचा निकाल अजून लागलेला नाही. दोन भाऊ आहेत. धाकट्याचे घरकुल मंजूर झाले आहे आणि त्याच्या वाट्याला आलेल्या दोन खणांना एका व्यापाऱ्याने भाव सांगितला आहे. थोरले म्हणतात, सांदवाडीत बांध, पुढचे मोडू नको. सांदवाडीत विहीर आहे आणि ती दोघांची. मी काढून दिलेल्या नकाशात विहीर सोडून दोन खोल्या बसतात, फक्त उकिरडा हलवावा लागेल. आजींचे म्हणणे वेगळेच आहे : इ-२ आणि इ-५ या दोन खांबांपैकी एकेक दोघांनी घ्यावा, मग बाकीच्याचे काय करायचे ते करा. चोपन्न नगांच्या यादीची एक प्रत थोरल्याकडे, एक धाकट्याकडे आणि एक माझ्याकडे आहे. धान निघाले की पौषात बसायचे ठरले आहे.